अंगणवाडी दुपारी का बंद होते?

आजच्या भागाचा विषय साधा वाटेल, पण माझ्या डोक्यात तो बरेच दिवस घोळतोय. प्रश्न असा, की गावातली अंगणवाडी दुपारी का बंद होते?

म्हणजे बघा, शेतात खुरपायला गेलेली बाई काही दुपारी घरी येत नाही. विटभट्टीवरची नाही येत, शहरात चार घरची धुणीभांडी करणारीही नाही. त्यांचा दिवस आठ-दहा तासांचा. अंगणवाडीचा चार ते सहा तासांचा. मधल्या वेळेत मूल कुठे असतं? आजीकडे, आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, किंवा बांधावर झाडाला टांगलेल्या झोळीत. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

याचं उत्तर शोधताना मी इतिहासात शंभर वर्षं मागे गेलो. जे सापडलं त्याचा थोडक्यात मुद्दा आधीच सांगून टाकतो: मुलं सांभाळण्याचा खर्च या शंभर वर्षांत अनेकांच्या गळ्यात पडला. गिरणीमालक झाले, सेवाभावी संस्था झाल्या, दिल्लीचं सरकार झालं. पण जी संस्था त्या मुलाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, तिच्या बजेटमध्ये ही ओळ कधी ठळकपणे आलीच नाही. आणि ज्याचं बजेट, त्याचं वेळापत्रक.

चला, सुरुवातीपासून.

गिरणी, अफू आणि ५० चा आकडा

पहिला मुक्काम मुंबईतल्या कापड गिरण्या. गिरण्यांमध्ये हजारो बायका काम करायच्या, त्यात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पुष्कळ. तान्हं मूल घरी कोणाकडे ठेवायचं? चाळीतली खोली एक, माणसं सगळी कामावर. मग बाळाला अफूची गोळी द्यायची. तिला नावच होतं ‘बाळागोळी’. मूल गुंगीत पडून राहायचं आणि आई पाळी करून यायची. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांमध्ये याची नोंद आहे. हे निर्दयपणाने होत नव्हतं. दुसरी सोयच नव्हती म्हणून होत होतं.

१९२९ साली मुंबई प्रांताने मातृत्व लाभाचा कायदा केला, देशातला पहिला. त्याच सुमारास कामगारांची स्थिती तपासायला व्हिटली कमिशन नेमलं गेलं आणि त्याने कारखान्यात पाळणाघर असावं अशी शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात ते आलं, पण कसं? ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांत सरकारला मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ५० पेक्षा जास्त बायका असलेल्या प्रत्येक कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आला.

आता मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. असा नियम दिसला की मला लगेच ‘इफ कंडिशन’ दिसते. बायका ५० पेक्षा जास्त असतील तर पाळणाघर, नाहीतर नाही. आणि कुठल्याही थ्रेशोल्डचं काय होतं हे तुम्हाला माहीतच आहे. माणसं त्याच्या अलीकडे थांबतात. ४९ बायका ठेवा, खोलीचा खर्च वाचवा. नाहीतर बायका कंत्राटदाराच्या नावावर दाखवा. कायद्याने पाळणाघराचा सगळा खर्च ज्याच्यावर टाकला, त्याच्याच हातात बायकांना कामावर घ्यायचं की नाही हेही होतं. म्हणजे पाळणाघराची किंमत शेवटी बाईच्या नोकरीने मोजली.

दुसरी गोष्ट, हा कायदा कारखान्यापुरता. शेतात कारखाना कुठे असतो?

बोर्डी, १९४५

आता समुद्रकिनाऱ्याने वर जाऊ. डहाणू तालुक्यातलं बोर्डी. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर.

१९४५ साली इथे ताराबाई मोडक आल्या. वय ५३. त्यांचं नाव तोवर झालेलं होतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता, आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं होतं. पण हे सगळं शहरातल्या, बऱ्यापैकी खात्यापित्या घरांतल्या मुलांसाठी. मॉन्टेसरीचं साहित्य महाग, इमारत हवी, शिक्षिका प्रशिक्षित हवी. खेड्यात हे कसं होणार, हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीला आल्या. त्यांच्याबरोबर होत्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे शिक्षिका झालेल्या.

त्यांनी काय केलं? साहित्याचं सोपं होतं. लाकडी मण्यांऐवजी बिया, शिंपले, पानं, खडे. मोजणी काय, मण्यांवर होते तशी चिंचोक्यांवरही होते. खरी अडचण वेगळी होती. केंद्रात बालवाडी काढली तरी वाड्या-पाड्यांवरची, दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. अंतर होतं, जात होती, आणि मुलाला आणून सोडायला कोणी मोकळं नव्हतं. मग त्यांनी दिशा उलटी केली. मूल येत नाही ना, मग बाई जाईल. वस्तीतल्या एखाद्या अंगणात बालवाडी भरवायची. तीच अंगणवाडी.

हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातलं ‘अंगण’ ऐकूच येत नाही. पण मुळात तो एक नियोजनाचा निर्णय होता. सेवा कुठे द्यायची? घराच्या जितक्या जवळ देता येईल तितक्या जवळ.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं. मग एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असं सगळं आणलं. त्याला म्हणाले ‘विकासवाडी’. मुलीने धाकट्याला घेऊनच यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा, ‘कुरणशाळा’.

इथे जरा थांबा. कारखान्याच्या कायद्यात अट होती बायकांच्या संख्येची. कोसबाडला वेळ, जागा आणि वय हे सगळं त्या घराच्या दिनक्रमावरून ठरत होतं. कोण कधी कामाला जातं, घरी कोण उरतं, हे आधी पाहायचं आणि मग तासिका लावायच्या.

पण पैसा? तो देणग्यांचा आणि अनुदानांचा. दोन विलक्षण बायकांच्या आयुष्याचा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. सन्मान मोठे झाले. पण एखादी गोष्ट फक्त विलक्षण माणसांच्या जोरावर चालत असेल तर ती ४० हजार गावांत कशी पोचणार?

मधला काळ: संस्थांनी करावं, सरकार अनुदान देईल

स्वातंत्र्यानंतर दिल्लीने जो पहिला मार्ग धरला तो हाच होता. १९५३ मध्ये केंद्रीय समाज कल्याण मंडळ झालं, अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख. त्यांचे पती सी. डी. देशमुख त्या वेळी देशाचे अर्थमंत्री. मंडळ स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायचं आणि संस्था बालवाड्या चालवायच्या.

यातून चांगलं काम झालं, पण नकाशा पाहिला तर गोम कळते. जिथे चांगली संस्था, तिथे बालवाडी. जिथे संस्था नाही, तिथे काहीच नाही. आणि जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथे संस्था बहुधा नसतेच. शहरातल्या बांधकामांवरही हेच. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या साइटवर तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि काही वर्षांत मुंबईतही आली. उत्तम काम. पण शहरात साइट शेकड्यांनी आणि संस्था एक.

पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये

आता एक गंमत. तुमच्यातले जे महाराष्ट्रात नोकरी करतात त्यांनी पगाराची स्लिप उघडा. ‘प्रोफेशन टॅक्स’, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. हे कुठून आलं माहितीये?

१९७२ चा दुष्काळ. लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम. मग पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांकडून कर घ्यायचा, तो रोहयोच्या निधीत टाकायचा आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. १९७७ मध्ये रोहयोचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. म्हणजे पक्का, कायद्याने बांधलेला पैसा.

रोहयोच्या कामांवर बायका प्रचंड संख्येने यायच्या, मुलांना घेऊन. त्यामुळे कामावर सावली, पाणी आणि मुलांसाठी पाळणाघर अशी सोय असावी असं योजनेत होतं. पुढे २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा आला, त्यातही हे आलं. कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची.

म्हणजे कागदावर सगळं जुळलं होतं. पैसा होता, नियम होता, कामाच्या जागी सोय होती. तरी कामावर जाऊन पाहिलं तर बहुतेक ठिकाणी झाडाला झोळीच. का? कारण काम रस्त्याचं किंवा तळ्याचं. मोजमाप किती घनमीटर माती निघाली याचं. मूल त्या मोजमापात कुठेच नव्हतं. ते नीट सांभाळलं गेलं का, हे विचारायला त्या साखळीत कोणी बसलेलंच नव्हतं.

२ ऑक्टोबर १९७५

आता मुख्य वळण. १९७२ मध्ये मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने शाळापूर्व वयाच्या मुलांवर अहवाल दिला. आहार, आरोग्य आणि शिक्षण हे वेगवेगळं नको, एकत्र हवं, हा त्याचा गाभा. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण आलं. आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आयसीडीएस, देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. १८ ग्रामीण, ११ आदिवासी, ४ शहरी प्रकल्प. केंद्राचं नाव अंगणवाडी.

सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, शाळापूर्व शिक्षण, आणि बायकांना आहार-आरोग्याची माहिती. यादी नीट वाचा. यात एक गोष्ट नाही. आई कामावर असताना मूल सांभाळणं.

हे चुकून राहिलं नव्हतं. योजना कुपोषणाशी लढायला बनली होती आणि तिने ते काम केलं, आजही करते. पण नाव कोसबाडच्या परंपरेतलं आणि आत्मा जरा वेगळा. विकासवाडीतलं पाळणाघर गळून पडलं. अंतराचा हिशोबही बदलला. साधारण १००० लोकसंख्येला एक अंगणवाडी, आदिवासी भागात ७०० ला एक. पुन्हा थ्रेशोल्ड! पाच पाडे मिळून ७०० होत असतील तर अंगणवाडी एका पाड्यावर आणि बाकी चार पाड्यांची मुलं ओढा ओलांडून येणार. हे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की देशात १४ लाख अंगणवाड्या करा, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. आज आपल्या राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत, त्यात या खटल्याचा वाटा आहे.

आता पैशाकडे या. सुरुवातीला आहार सोडून बाकी सगळा खर्च केंद्राचा, आहाराचा राज्याचा. २००५-०६ पासून केंद्र आहाराचा अर्धा खर्च द्यायला लागलं. २००९-१० पासून बाकी खर्च ९०:१०. आणि आता साधारण ६०:४०. पन्नास वर्षं भांडण चाललंय ते दोघांत, दिल्ली आणि मुंबई. या गणितात ग्रामपंचायत कुठेच नाही.

मग ग्रामपंचायतीचं काय आलं? जागा. समाजमंदिर, देवळाचा ओटा, शाळेचा व्हरांडा, भाड्याची खोली. आणि प्रशासन जिल्हा परिषदेकडे: महिला व बालकल्याण विभाग, बालविकास प्रकल्प अधिकारी, मुख्य सेविका. पण त्यांच्या हातात जे येतं ते वरून ठरून आलेलं. वेळ, पदं, मानधन, नोंदवह्या. गावातल्या बायका भातलावणीला पहाटे जातात म्हणून अंगणवाडी पहाटे उघडायची, हा निर्णय गावात कोणालाच घेता येत नाही.

‘मानधन’ या शब्दाचा हिशोब

योजना स्वस्तात कशी चालली, हेही बोलायला हवं. सेविकेला पगार नाही, मानधन. १९७५ मध्ये महिना १००-१५० रुपये, मदतनिसाला ३५. गृहीत असं, की ही गावातली बाई आहे, दिवसातले चार तास समाजकार्य करते, बाकी वेळ तिचं घर आहेच. बघा, अंगणवाडीचे तास कमी का, याचं एक उत्तर इथेच आहे. तास वाढवले तर तिला पूर्णवेळ कामगार मानावं लागेल. पूर्णवेळ मानलं तर वेतन, पेन्शन, सगळं आलं.

प्रत्यक्षात काम वाढतच गेलं. सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, लसीकरणाच्या मोहिमा. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अॅप. त्याच वर्षी राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले होते, आठवत असेल. अॅपचा माणूस म्हणून सांगतो, डेटाबेसमध्ये जे फील्ड नसतं ते व्यवस्थेला दिसत नाही. बाळाचं वजन भरायचं, उंची भरायची. त्याची आई किती वाजता परत येते, हे कोणी विचारलेलं नाही.

केंद्राचं मानधन २००८ मध्ये १५०० झालं, २०११ मध्ये ३०००, २०१८ मध्ये ४५००. त्यावर राज्याची भर. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. आणि डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविकांनी सुमारे ५० दिवस संप केला. बातम्या आल्या त्या ‘पोषण आहार ठप्प’ अशा. मुलं त्या ५० दिवसांत कोणी सांभाळली, यावर फार बातम्या नव्हत्या.

त्याच दशकात, इटलीत

याला दुसरा मार्ग होता का? ताराबाईंनी जिची पद्धत खेड्यात आणली ती मारिया मॉन्टेसरी इटलीची. त्याच देशात याच प्रश्नाचं वेगळं उत्तर शोधलं गेलं.

योगायोग पाहा. १९४५, बोर्डीचंच वर्ष. युद्ध संपताच रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यात बायका आणि शेतकऱ्यांनी एक बालशाळा बांधायला घेतली. पैसा कुठून? पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकल मारत बघायला गेला आणि पुढे आयुष्यभर त्यातच राहिला.

इथपर्यंत गोष्ट बोर्डीसारखीच. जिद्द, विलक्षण माणसं, लोकांचा पैसा. फरक पुढे पडला. १९६३ मध्ये रेज्जो एमिलियाच्या नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा काढली आणि त्या दशकात लोकांनी चालवलेल्या शाळाही नगरपालिकेने आपल्याकडे घेतल्या. म्हणजे नळ आणि गटारं जशी बजेटमध्ये असतात, तशी मुलंही बजेटमध्ये आली. मग १९७१ मध्ये इटलीने पाळणाघरांचा राष्ट्रीय कायदा केला: पाच वर्षांत ३८०० पाळणाघरं. पैसा केंद्राचा, त्यात सगळ्या मालकांकडून पगारावर ०.१ टक्का वर्गणी. नियोजन प्रांताचं. बांधायचं आणि चालवायचं नगरपालिकेने.

त्या वर्गणीतली हुशारी लक्षात आली का? ५० बायकांची अट नाही. बायका असोत नसोत, सगळे मालक देणार. मग ४९ वर थांबण्यात काही फायदाच नाही.

पण गोष्ट गोड करून सांगत नाही. ते लक्ष्य ठरल्या वेळेत गाठलं गेलं नाही, फार मागे राहिलं. उत्तरेकडच्या श्रीमंत, संघटित नगरपालिकांनी पाळणाघरं काढली. दक्षिणेकडच्या गरीब नगरपालिका मागे राहिल्या आणि ही दरी अजून भरलेली नाही. म्हणजे सगळं गावावर सोडलं तर गरीब गाव गरीबच राहतं. सगळं दिल्लीवर सोडलं तर अंगणवाडी दुपारी बंद होते.

आपल्याकडे कायद्यात काय आहे?

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी दिली. त्यात २५ वा विषय महिला आणि बालविकास. महाराष्ट्रात तर त्याहून पुढचा नियम आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे.

मग हे पैसे जातात कुठे? वर्षानुवर्षं शिलाई मशीन, सायकली, पिठाच्या गिरण्या. वाईट नाही. पण वस्तू एकदा वाटली की काम संपतं, फोटो निघतो. पाळणाघर दर महिन्याला पैसे मागतं आणि त्याचा फोटो रोज सारखाच.

दुसरी अडचण आकड्यांची. समजा, एका ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, घरपट्टी-पाणीपट्टी धरून, वर्षाला ५ लाख. १० टक्के म्हणजे ५० हजार. दोन बायकांना महिना सहा-सहा हजार दिले तरी वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. खाऊ, जागा वेगळी. म्हणजे नुसत्या १० टक्क्यांत भागत नाही. वरून पैसा हवाच. पण तो येताना वेळापत्रक बरोबर घेऊन येऊ नये.

शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये ४००० ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’, म्हणजे बाळाचं घर, अशी पाळणाघरं जाहीर केली. चालवायची ग्रामपंचायतीने, सांभाळणाऱ्या बायका रोजगार हमीचं जॉब कार्ड असलेल्या, प्रशिक्षण देऊन. रोजगार हमीतली ती जुनी तरतूद त्यांनी झाडाखालून उचलून खोलीत आणली. केंद्रानेही २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं, लक्ष्य १७ हजार. देशातल्या १४ लाख अंगणवाड्यांपुढे हा आकडा ठेवून बघा.

आणि आपल्याकडचे ऊसतोड कामगार? बीड, अहिल्यानगरची हजारो जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सेवा गावाच्या लोकसंख्येवर मोजलेली, मूल फडात. गावच्या अंगणवाडीत नाव आहे, बाळ नाही. फडाजवळच्या गावात बाळ आहे, नाव नाही. याचं नियोजन दिल्लीत बसून कसं करणार? ते कोपीवर जाऊन मोजणाऱ्या माणसालाच जमेल.

मग आपण काय करायचं?

आता फोन तुमच्या हातात आहेच. ‘ई-ग्रामस्वराज’ नावाचं सरकारी अॅप आहे. त्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि आपली ग्रामपंचायत निवडली की गावाचा विकास आराखडा दिसतो. महिला-बालविकासाच्या ओळीसमोर काय लिहिलंय ते बघा. पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट किती आणि ही ओळ किती, एवढीच तुलना करा.

दुसरं, पुढच्या वर्षाचा आराखडा करण्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. हो, तीच तारीख, ज्या दिवशी १९७५ मध्ये आयसीडीएस सुरू झाली. त्या सभेला शहरातून गावी जाणं जमलं तर बघा, नाहीतर घरातल्या कोणाला तरी सांगा. एकच प्रश्न विचारायचा: आपल्या गावातल्या बायका कामावरून किती वाजता येतात, आणि अंगणवाडी किती वाजता बंद होते? हे दोन आकडे इतिवृत्तात लिहून घ्या. ताराबाई-अनुताईंनी काम सुरू केलं ते असंच, आधी वस्तीत जाऊन पाहून. बजेट नंतरचं.

तुमच्या गावाच्या आराखड्यात काय सापडलं ते नक्की कळवा, त्यावर एक पूर्ण भाग करू. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!